समुद्राकडे तोंड करून

पत्र एव्हिसचंच होतं. अक्षर तेच, निळी शाई तीच, बोलावणंही नेहमीसारखं जूनच्या दुसऱ्या शनिवारचं. फक्त सही झाल्यावर, सहीच्या खाली, कागद वाया जाऊ नये म्हणून लिहावी तशी एक ओळ होती : 'यंदा पोहण्याचा पोशाख नाही आणलास तरी चालेल.' थेल्मा गारसाइडनं ती ओळ लेस्टरच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसून वाचली आणि तिचा थांबा गेला. पुढचाही गेला. ती उतरली तेव्हा समोर दफनभूमीचं फाटक होतं आणि हातात पिशवीभर बटाटे. चाळीस वर्षांत एकदाही थांबा न चुकलेली बाई ती. शेजारीपाजारी तिच्या परतण्यावर घड्याळ लावत असं नाही, पण लावलं असतं तर ते चुकलं नसतं. बटाटे या हातातून त्या हातात घेत मागे चालताना तिनं ती ओळ मनात उलटीपालटी करून पाहिली. चालेल म्हणजे कुणाला चालेल? इंग्लंडात बाई कधी 'नको' म्हणत नाही. ती म्हणते 'तुला त्रास होत असेल तर राहू दे', 'तशी काही घाई नाही', 'नाही आणलंस तरी चालेल'. आणि शहाणी माणसं तेवढ्यावरून काय ते ओळखतात, आपली छत्री उचलतात आणि कायमची चालू लागतात. थेल्मानं स्वतः एका शिंप्याला असंच सहा महिन्यांत वाटेला लावलं होतं. बिचारा लग्नाचं विचारायच्या अगदी बेतात होता. त्यामुळे ही भाषा तिला कुणी शिकवायला नको होती.

एकतीस वर्षं, दर जूनमध्ये, एव्हिसच्या गावी, स्कॉल्बीला पोचल्याच्या पहिल्याच दुपारी, तीनच्या ठोक्याला दोघी समुद्रात शिरत. ऊन असो, धुकं असो, उत्तरेचा वारा असो. लिंकनशायरच्या त्या किनाऱ्याचा समुद्र निळा वगैरे कधी नसतो. पाणी जास्त पडलेल्या चहासारखा त्याचा रंग, आणि तो ओहोटीला इतका लांब जातो की त्याला गाठायलाच दहा मिनिटं चालावं लागतं. चालताना वाळूच्या वळ्या तळव्यांना टोचतात. मग पाणी. आधी घोट्यांत कळ येते, मग घोटे आहेत की नाहीत ते कळेनासं होतं. गुडघ्यांपर्यंत माणूस अजून स्वतःचा असतो. पाणी पोटाला लागतं तो क्षण मात्र थेल्माला एप्रिलपासून स्वप्नात यायचा, आणि ती लेस्टरमधल्या आपल्या उबदार पलंगावर पोट आवळून जागी व्हायची. एव्हिस पुढे असायची. मागे वळून न बघता ती हाक मारायची, 'ये गं, छान आहे,' आणि थेल्मा 'हो, छानच आहे' म्हणत पाऊल टाकायची. बारा मिनिटं. घड्याळ काठावर बुटात असायचं, म्हणून ती लाटा मोजायची; साधारण दीडशे लाटांना सुटका होत असे. मग टॉवेल गुंडाळून, दात वाजवत, दोघी परत यायच्या, आणि घरी डेस्मंडनं साडेतीनला पेटवलेली शेकोटी, भाजलेला पाव आणि सार्डिनचे मासे तयार असायचे. डेस्मंड म्हणजे एव्हिसचा नवरा, गावच्या बसगाड्यांवर चालक होता. बोलायला कमी, किटली वेळेवर चढवण्यात पक्का. हे सगळं सुरू झालं सदुसष्ट साली. त्या फेब्रुवारीत थेल्माची आई गेली. नऊ वर्षं अंथरुणात होती आणि नऊ वर्षं थेल्मानंच केलं. घर अचानक इतकं रिकामं झालं, की संध्याकाळी ती उगीच जिन्यावर बसायची. एव्हिसनं बोलावलं, ती गेली, आणि पहिल्याच दुपारी एव्हिस म्हणाली, 'पाण्यात जायचं का?' पाहुण्याला यावर 'नको' म्हणता येत नाही. बाहेर आल्यावर ओठ निळे पडले होते, काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून थेल्मा म्हणाली, 'बरं वाटलं हं मला.' तेवढ्यावर ते एकतीस वर्षं चाललं.

पण खरी गोष्ट निराळी होती आणि ती थेल्मा स्वतःशीसुद्धा सहसा बोलत नसे. दोघी एकेकाळी लेस्टरच्या मोज्यांच्या कारखान्यात एकाच टेबलाला होत्या. एव्हिस लग्न करून समुद्रावर निघून गेली, थेल्मा निवृत्तीपर्यंत तपासनीस राहिली. काम असं, की लांब मोजा हातावर कोपरापर्यंत चढवायचा, आत बोटं फाकायची, दिव्यासमोर हळूच फिरवायचा. सुटलेला टाका, ओढलेला धागा, रंगाचा डाग, काय असेल ते डोळ्यांना लगेच दिसतं. दिसलं की दोषवहीत नोंद. चौतीस वर्षं हे केल्यावर माणसंही तशीच दिसू लागतात. कोण हसताना कुठे उसवलेलं आहे, कुणाचा धागा कुणी ओढला आहे, हे तिला न विचारता कळायचं. आणि एव्हिसच्या मैत्रीतली आपली बाजू तिला दिव्यासमोर धरल्यासारखी दिसायची. एव्हिसकडे घर, नवरा, समुद्र, आठवडाभराचा पाहुणचार. आपल्याकडे काय? तर ती बारा मिनिटं. एव्हिसला समुद्राचं वेड, डेस्मंड पाण्याला शिवत नाही, गावातल्या बायका तर पाण्याकडे पाठ करून विणत बसतात. तेव्हा तिच्याबरोबर पाण्यात उतरणारं असं माणूस वर्षातून एकदा लेस्टरहून येतं. हीच आपली भर. ही असल्यामुळे सार्डिनचा दुसरा तुकडा मान ताठ ठेवून घेता येतो. आता तीच नको झाली, तर उरलं काय? धर्मखात्यातली एक म्हातारी, जिला दर जूनला जेवायला घालावं लागतं. नोव्हेंबरात डेस्मंड गेला तेव्हा ती अंत्यविधीला गेली होती. घर डेस्मंडच्या बहिणींनी भरलेलं. एव्हिसनं हात हातात घेतला, 'जूनला बोलू' म्हणाली, आणि थेल्मा संध्याकाळच्या बसनं परतली. तेव्हापासून ती जूनची वाट बघत होती, आणि जूननं ही ओळ पाठवली होती. शुक्रवारी सामान भरताना तिनं पोशाख आधी कपाटातच ठेवला. मग काढला. टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या अगदी तळाशी, चपलांच्या खाली घातला. काढायला लागणार नाही, पण आहे एवढं असू दे.

स्कॉल्बीला बस थांबते तिथे एव्हिस दरवर्षी उभी असायची. यंदाही होती, पण उभी नव्हती. डेस्मंडच्या जुन्या हिरव्या मोटारीत चाकामागे बसली होती, दोन्ही हातांनी चाक असं धरून, की जणू ते कुणी ओढून नेईल. 'मागे टाक पिशवी आणि पटकन बस, इथे थांबू देत नाहीत,' ती म्हणाली. थेल्मानं तिच्याकडे पाहिलं. एव्हिसला मोटार चालवता येत नव्हती. अडुसष्ट वर्षं येत नव्हती. शिकली म्हणाली, जानेवारीपासून; दोनदा परीक्षेत नापास झाली, तिसऱ्यांदा परीक्षकच थकला. थेल्मा हसली, पण आत कुठेतरी एक टाका सुटला. जानेवारी ते जून, पाच महिने, दहाएक पत्रं आली आणि त्यांत मोटारीचं अक्षरही नाही. माणूस आपल्याला न सांगता नवीन काही शिकतं तेव्हा ते आपल्यापासून थोडं पुढे निघून गेलेलं असतं. मोटार मुंगीच्या पावलानं घराकडे निघाली. मागे एका फिरत्या आइस्क्रीमवाल्याची गाडी अडकली होती आणि तिची घंटी वाजत होती. एव्हिस पुढे बघत म्हणाली, 'वाजव बाबा, वाजव. मी काही हलत नाही.' असं बोलणारी एव्हिस थेल्माच्या ओळखीची नव्हती. ओळखीची एव्हिस पायावर पाय पडला तर आपणच माफी मागायची.

घर तेच होतं. एव्हिसनं पुढचं दार उघडलं, थेल्मानं नेहमीसारखे पाय पुसले, आणि नेहमीसारखं 'काय छान ठेवलंयस गं घर' म्हटलं. बैठकीच्या खोलीत शेकोटीची जाळी घासूनपुसून लख्ख होती, इतकी लख्ख की वर्षभरात तिच्यात काडी पेटली नसावी. डेस्मंडच्या खुर्चीवर कुशन होतं, बसू नये अशा बेतानं ठेवलेलं. चहा आला, आल्याचा केक आला. एव्हिसनं विचारलं, प्रवास कसा झाला. थेल्मानं सांगितलं, छान झाला. थेल्मानं विचारलं, झोप लागते ना. एव्हिस म्हणाली, अगदी लागते. अशी चांगली वीस मिनिटं दोघी एकमेकींना काहीही सांगत नव्हत्या. मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला, टकटक नाही, हाक नाही, आणि स्वयंपाकघरातून एक धिप्पाड बाई हातात पातेलं घेऊन थेट आत आली. नोरीन, शेजारीण, दोन वर्षांपूर्वी राहायला आलेली. 'आलात का तुम्ही थेल्मा? एव्हिस सारखी तुमचं सांगते,' असं म्हणून ती एव्हिसकडे वळली, 'तुझं पातेलं. आणि तुझ्या फ्रीजमधलं दूध घेतलंय मी, माझं संपलं,' आणि आली तशी मागच्या दारानं गेली. थेल्मानं कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही. तेवढं तिला जमत होतं. आपल्या माणसांत पुढचं दार कुणासाठी असतं? पोस्टमनसाठी, पाद्र्यासाठी, डॉक्टरसाठी, आणि पाहुण्यासाठी. जी आपली असतात ती मागून येतात, न विचारता दूध घेतात. एकतीस वर्षं आपण पुढच्या दारानं येतोय, पाय पुसून. हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं असं नाही. दोन वर्षांची नोरीन बघेपर्यंत ते दोषवहीत लिहावं असं वाटलं नव्हतं एवढंच.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले. थेल्माचं अंग सवयीनं आवळायला लागलं, पोटाच्या त्या ठरलेल्या जागी. तीन झाले. ठोके पडले. एव्हिस उठली नाही. तिनं केकच्या ताटलीतले कण बोटानं गोळा केले, आणि थेल्माला वाटलं, झालं, आता हिला माझ्याबरोबर काय करायचं ते सुचत नाहीये. सात दिवस आहेत. सात दिवस या खोलीत हिला सुचणार नाही आणि मला विचारता येणार नाही, आणि पुढच्या वर्षी पत्रात 'तुला प्रवास झेपत असेल तरच' अशी ओळ येईल. तिला आईची खोली आठवली, दुपारी तीनची, औषधाचा वास आणि खिडकीतला पिवळट उजेड, आणि आपण तिथे लागतो आहोत याचं समाधान; हो, समाधानच. कंटाळा होता, चिडचिड होती, पण कुणाला तरी आपल्यावाचून चालत नाही, हे अंगावरच्या शालीसारखं होतं. आई गेली ती ती शाल घेऊनच गेली. त्यानंतर त्या थंड पाण्यातच काय ती थोडी ऊब मिळाली होती. विचित्रच, पण खरं. एव्हिस म्हणाली, 'चल, जरा गाडीनं जाऊन येऊ. थर्मास भरते.' थेल्मानं कोट घातला, आणि निघताना, का ते तिचं तिलाही कळलं नाही, पिशवीच्या तळातून ती टॉवेलाची गुंडाळी काढून काखेत मारली.

समुद्रकाठच्या भिंतीशी मोटारी नेहमीसारख्या ओळीनं उभ्या होत्या, तोंडं समुद्राकडे, काचा बंद. प्रत्येकीत दोन-दोन म्हातारी माणसं, मांडीवर वर्तमानपत्र, मधे सँडविचचा डबा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एव्हिसनं तीन हिसक्यांत गाडी त्या ओळीत घातली, इंजिन बंद केलं, आणि असा उसासा सोडला की काच धुरकटली. ओहोटी होती. समुद्र लांब, राखाडी, कडेला पांढरी शिवण असलेला. वारा भिंतीवरून वाळू उडवत होता आणि ती काचेवर बारीक वाजत होती. आत ऊब होती. डेस्मंडच्या पुदिन्याच्या गोळ्यांचा वास अजून गादीत होता. थेल्मानं गुंडाळी मांडीवर ठेवली होती, तिच्यावर हात होते. एव्हिसनं थर्मास काढला, झाकण फिरवलं, आणि तिची नजर टॉवेलवर गेली.

'आणलास होय?'

'आणला आपला,' थेल्मा म्हणाली. 'तुला वाटलं तर.'

'मला?' एव्हिसनं समुद्राकडे पाहिलं. 'तुला जायचंय का?'

'तुझी इच्छा असेल तर.'

'माझं काही नाही. तुझी असेल तर जाऊ.'

'मी आलेच. तू म्हणशील तसं.'

एव्हिसनं थर्मासचं झाकण परत लावलं. शेजारच्या मोटारीतला म्हातारा पान उलटत होता. एव्हिस म्हणाली, तिचा पोशाख घरी आहे, पण आतल्या कपड्यांवरही जाता येईल, इथे कोण बघतंय. आणि तिनं कोटाच्या वरच्या गुंडीला हात घातला. पहिली गुंडी निघाली. दुसरीवर बोटं अडली. चौतीस वर्षं दिव्यासमोर मोजे फिरवलेल्या डोळ्यांना ती बोटं दिसली: गुंडी सोडवत नव्हती, धरून बसली होती. एव्हिसचा चेहरा अगदी प्रसन्न होता, फोटो काढून घेताना असतो तसा. ओठांच्या कोपऱ्यात मात्र एक धागा ताणलेला होता, आणि थेल्माला एकदम कळलं की हा धागा आपण आज पहिल्यांदा पाहत नाही. दर वर्षी तीन वाजता तो तिथे होता. दर वर्षी एव्हिस पुढे चालायची म्हणून तो दिसायचा नाही, एवढंच. तिच्या मनात आलं, गप्प बसावं. गप्प बसलं तर दोघी पाण्यात जातील, बारा मिनिटं, दीडशे लाटा, आणि बत्तिसावं वर्ष जागच्या जागी बसेल. आपली जागा राहील. बोललं तर मागची एकतीसही हातातून जातील, आणि बदल्यात काय येईल याची खात्री कोण देणार? तिसऱ्या गुंडीशी एव्हिसचं बोट पोचलं.

'एव्हिस,' थेल्मा म्हणाली, 'मला ते कधीच आवडलं नाही.'

एव्हिसचा हात थांबला. 'काय नाही आवडलं?'

'पाणी.'

'कधीच?'

थेल्मानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. 'शहात्तर साली उन्हाळा कडक होता. त्या वर्षी थोडं चाललं.'

एव्हिसनं कोटावरचा हात काढला. मग एव्हिस बोलू लागली, आणि थेल्माला वाटलं होतं त्यापेक्षा ती कितीतरी जास्त चिडली होती. सदुसष्ट साली तू म्हणालीस ना, बरं वाटलं म्हणून, ती म्हणाली. स्वतःच्या तोंडानं म्हणालीस. आई गेल्यापासून तुझ्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता, त्या दिवशी तू आल्यापासून मी आणि डेस्मंड बोटांवर चालत होतो घरात, हिचं काय करावं म्हणून. डेस्मंडच म्हणाला, शहरातली माणसं समुद्रासाठी येतात, तिला पाण्यात ने. मला तर लहानपणापासून पाण्याची भीती. तरी नेलं. आणि तू निळ्या ओठांनी म्हणालीस, बरं वाटलं. मी रात्री डेस्मंडला उठवून सांगितलं की थेल्माला बरं वाटलं. 'आणि मग दरवर्षी,' एव्हिस म्हणाली, 'मे महिना लागला की मी दिवस मोजत बसायचे. पुढे चालायचे ते का, तुला माझं तोंड दिसू नये म्हणून. आणि परत येताना या मोटारींच्या समोरून जायचो ना आपण, ओल्या? मी आत बघायचे. आतली माणसं चहा पीत असायची. देवाशपथ, थेल्मा, इतका हेवा मी आयुष्यात कुणाचा केला नाही.'

'मीसुद्धा बघायचे,' थेल्मा म्हणाली.

'मग बोलली का नाहीस?'

'तू का नाही बोललीस?'

याचं उत्तर या किनाऱ्यावर सगळ्यांनाच ठाऊक आहे. एव्हिस हसायला लागली. आधी खांदे हलले, मग चाक हलायला लागलं, मग तिचं कोपर भोंग्यावर पडलं आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं वर्तमानपत्र खाली करून त्यांच्याकडे असं पाहिलं की तो आता कुणाला तरी तक्रारीचं पत्र लिहिणार. थेल्माही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण हसणं ओसरलं तसा आत तोच प्रश्न उघडा पडला, भिजलेल्या वाळूत दगड दिसावा तसा. ती बारा मिनिटं कुणालाच नको होती. मग तिनं इतकी वर्षं दिलं ते काय? तिनं विचारलं, सरळ विचारता येईना म्हणून समुद्राकडे बघत विचारलं, यंदाच का लिहिलंस तसं. एव्हिस म्हणाली, शेकोटी. डेस्मंड होता तेव्हा साडेतीनला ती पेटलेली असायची. आता परत येऊन ओल्या अंगानं काड्या शोधायच्या, तेवढा धीर तिच्यात नव्हता. म्हणून ती गाडी चालवायला शिकली. 'म्हटलं, पाण्यात नाही तर निदान इथवर तुला आणायचं. पत्रात लिहिलं नाही, नापास झाले तर हसशील.' ती काही विशेष सांगतेय असा तिचा सूर नव्हता. भाजीचं सांगावं तसं तिनं सांगितलं.

जानेवारी ते जून, तीन परीक्षा, दोन वेळा नापास. एक भित्री बाई, जिला पाण्याची भीती, वाहनाची भीती, भोंग्याची भीती. थेल्मानं हे सगळं मोज्यासारखं आतून हात घालून, बोटं फाकून, उजेडात फिरवून पाहिलं. कुठे टाका सुटलेला दिसेना. तरी जुनी खोड, तिनं विचारलंच. 'मग आता मी जूनमध्ये येऊन करायचं काय गं?'

एव्हिस सँडविचचा डबा उघडत होती. तिला प्रश्नच नीट कळला नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. 'करायचं काय म्हणजे?' ती म्हणाली. 'हे हॅमचं आहे, ते अंड्याचं. अंड्यात मीठ कमी पडलंय, सांगून ठेवते.' मग चहा ओतला, अर्धं सँडविच खाल्लं, आणि नोरीनचा नवरा कुत्र्याला घेऊन कसा दिवसातून चार वेळा बाहेर पळतो ते सांगू लागली. 'कुत्रा थकला तर तो कुत्र्याला उचलून नेतो, पण घरी म्हणून...' एवढं बोलली आणि वाक्य तिथेच राहिलं. थेल्मानं वळून पाहिलं. एव्हिसचं डोकं मागे गादीला टेकलं होतं. तोंड उघडं. कोटाच्या दोन गुंड्या अजून सुटलेल्या. हनुवटीवर अंड्याचा कण.

एकतीस वर्षांत थेल्मानं एव्हिसला झोपलेलं पाहिलं नव्हतं. सकाळी ती थेल्माच्या आधी उठून केस विंचरून तयार असायची, रात्री थेल्मा झोपायला गेल्याशिवाय दिवा मालवत नसे. पाहुण्यासमोर कुणी झोपतं का? समोर समुद्र हळूहळू जवळ येऊ लागला होता, न दिसता, एकेक वळी भरत. उजेड बदलत होता. राखाडीत कुठेतरी दुधी रंग मिसळत होता. शेजारचा म्हातारा निघून गेला, त्याच्या जागी दुसरी मोटार आली, तीत एक जोडपं, त्यांनीही समुद्राकडे तोंड केलं आणि डबा उघडला. एव्हिस घोरू लागली, आधी बारीक, मग चांगली दमदार, किटलीला उकळी येण्याआधी येतो तसा आवाज. थेल्माला काही करायचं नव्हतं. लाटा मोजायच्या नव्हत्या. हातांखाली टॉवेल होता तो तिनं उलगडला, आतला पोशाख मागच्या सीटवर टाकला आणि टॉवेल एव्हिसच्या गुडघ्यांवर पसरला. मग थर्मास हलवून पाहिला. एक कप होता. शेवटचा कप, शेवटचं बिस्किट, केकचा शेवटचा तुकडा: या देशात ते कुणी घेत नाही. 'तू घे', 'छे, तू घे', 'खरंच मला नको' असं करता करता ते थंड होतं, शिळं होतं, आणि पक्ष्यांना जातं; पण कुणी घेत नाही. थेल्मानं तो कप ओतला. चहा अजून कढत होता. ती तो घोट घोट, पाय लांब करून, अगदी सावकाश प्यायली, आणि प्रत्येक घोट खाली पोटाच्या त्या जागी जाऊन बसला, जिथे दरवर्षी पाणी लागायचं.

पाणी निम्मी वाळू चढून आलं तेव्हा एव्हिस दचकून जागी झाली. तिनं तोंड मिटलं, हनुवटी पुसली, गुडघ्यांवरचा टॉवेल पाहिला.

'मला डुलकी लागली का गं?'

यावर द्यायचं उत्तर थेल्माच्या ओठांवर तयार होतं, आयुष्यभर तयार होतं: छे गं, मिनिटभर.

'एक तास दहा मिनिटं,' ती म्हणाली. 'आणि घोरत होतीस.'

'मी? डेस्मंड कधी बोलला नाही.'

'सभ्य माणूस होता तो.'

एव्हिसनं यावर विचार केला. 'बेचाळीस वर्षं,' ती म्हणाली. 'लबाड कुठला.' हे तिनं इतक्या मायेनं म्हटलं की थेल्मा खिडकीबाहेर बघू लागली. थोड्या वेळानं एव्हिसनं नाक शिंकरलं, हात चोळले आणि थर्मासकडे हात केला. 'चहा उरलाय का?'

'नाही. मी प्यायले.'

एव्हिसनं तिच्याकडे पाहिलं. मग थर्मास उलटा करून खात्री करून घेतली, झाकण फिरवून घट्ट लावलं, आणि इंजिन सुरू करता करता म्हणाली, 'उद्या मोठा आणू.'